फोन नसलेल्या ग्राहकालाही तीच सवलत कशी द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. सहा शाखांच्या एका दुकानाने वर्षभरापूर्वी ॲप आणलं. तेव्हापासून ऑफरच्या मालाखाली फळीवर दोन किमती लागतात. ॲपवाल्यांची मोठ्या ठळक अक्षरांत, बाकीच्यांची तिच्याखाली बारीक. साधा फोन वापरणारे किंवा फोनच न बाळगणारे ग्राहक मोठी अक्षरं वाचून माल उचलतात आणि बिल करताना दुसरीच किंमत लागते. मग एकतर वाद होतो, नाहीतर माणूस माल काउंटरवर ठेवून निघून जातो. शाखेच्या व्यवस्थापकांना हे पटत नाही. मालक म्हणतात, सवलत सगळ्यांनाच द्यायची होती तर ॲप कशाला काढलं? दोघांचंही समाधान होईल असा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो महागही नाही. मी बावीस वर्षं दुकानांच्या ऑफर आणि बिलिंग याच कामात आहे. सुरुवात काउंटरवर बसून केली, पुढे ऑफर आखणाऱ्यांच्या बाजूला गेलो. तुमच्याकडे जो वाद चालू आहे त्यात मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, आणि एकदा चुकीच्या बाजूनेही. ते पुढे सांगतो.

आधी माझा नियम. जी किंमत फळीवर छापली ती दुकानात आलेल्या प्रत्येकाची. जी सवलत एखाद्याच्या फोनवर त्याच्या खरेदीचा इतिहास बघून पाठवली ती फक्त त्याची. तुमचा सगळा गोंधळ या दोन गोष्टी एकाच टॅगवर आल्यामुळे झालाय. फळी ही सार्वजनिक जागा आहे. तिथे लिहिलेलं सगळे वाचतात, मग ते लागू मात्र काहींनाच होतं हे ग्राहकाला फसवणूक वाटणारच, कोपऱ्यात कितीही फुली-चांदणी करून 'फक्त ॲपवर' असं लिहिलेलं असलं तरी.

आता हे करायचं कसं, तर आधी फोन या व्यवहारात नेमकं काय काम करतो ते उलगडून बघू. तो तीन कामं करतो. ग्राहकाला ऑफर आहे हे कळवतो, काउंटरवरच्या बिलिंगला ऑफर लावायला सांगतो, आणि कोणी काय घेतलं याची नोंद दुकानाला देतो. पहिली दोन कामं ग्राहकाच्या उपयोगाची, तिसरं तुमच्या. पहिल्यासाठी कागद चालतो. दुसऱ्यासाठी तर फोनची मुळीच गरज नाही. तुमच्या बिलिंगवाल्याला विचारून बघा. ऑफरच्या सेटिंगमध्ये मालाचा कोड, सवलतीची किंमत, कधीपासून कधीपर्यंत, आणि एक अट एवढंच असतं. तुमच्याकडे ती अट 'बिलाला सभासद क्रमांक जोडलेला असावा' अशी आहे. तो क्रमांक फोनच्या पडद्यावरून आला, प्लास्टिकच्या कार्डावरून आला की कॅशियरने हाताने टाकला, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नसतं. काउंटरवर पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी. तेव्हापासून कागदावरच्या काळ्या रेघा हे काम बिनबोभाट करत आल्यात. ब्रिटनमधल्या टेस्कोचं क्लबकार्ड १९९५ साली आलं ते पाकिटात ठेवायचं कार्ड म्हणूनच; ॲप नंतर आलं. म्हणजे सवलतीला फोन लागतो ही तांत्रिक गरज नाही, तो दुकानदाराने घेतलेला निर्णय आहे. हे मालकांशी बोलताना आधी मान्य करून घ्या, नाहीतर चर्चा 'सिस्टीम अलाऊ करत नाही' या वाक्यावर येऊन अडकते.

निर्णय का घेतला जातो, त्याची एक बाजू सगळे सांगतात: ग्राहकांची माहिती मिळते. दुसरी बाजू बैठकीच्या खोलीबाहेर फारशी येत नाही. सवलत जितकी मिळवायला त्रासाची तितकी ती कमी लोकांना द्यावी लागते. ग्राहक फळीवरची कमी किंमत बघून माल उचलतो, पण ॲप उघडून कुपन 'ॲक्टिव्हेट' करायला विसरतो, आणि पूर्ण किंमत भरून जातो. दुकानाला ऑफरमुळे वाढलेली विक्रीही मिळते आणि सवलतही द्यावी लागत नाही. काही ऑफर याच हिशेबावर उभ्या असतात. तुमच्या मालकांची ऑफर तशी आहे असं मी म्हणत नाही. पण 'सगळ्यांना दिली तर परवडणार नाही' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मी एकच विचारतो: फळीवर ती किंमत लावताना कितीजणांना द्यायची तयारी होती?

आता माझी चूक. बरीच वर्षं झाली, एका दुकानासाठी मी ओटीपीवर चालणारी सवलत आखली. कागदावर फार सुबक होती. ग्राहकाने नंबर सांगायचा, फोनवर आकडे येतील, ते कॅशियरला सांगायचे, सवलत लागली. एक शाखा तळघरात होती. तिथे खाली फोनला रेंजच नव्हती. पहिल्या शनिवारी संध्याकाळी रांग जिन्यापर्यंत गेली. चांगले महागडे फोन हातात धरलेली माणसं आकडे येण्यासाठी जिना चढून वर जात होती आणि परत येऊन रांगेत घुसत होती. त्या रांगेत एक आजी होत्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेलं आमचंच छापील पत्रक काढलं, त्यातल्या तीन वस्तूंवर पेनाने खुणा केलेल्या होत्या. कॅशियरने सांगितलं, फोन लागेल. त्यांनी तिन्ही वस्तू एकेक करून बाजूला ठेवल्या, 'असू दे' म्हणाल्या आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भांडणारा ग्राहक निदान तक्रारवहीत येतो, असे निघून जाणारे कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. 'फोन नसलेले' हा म्हाताऱ्यांचा एक छोटा गट आहे, असं समजून आपण चालतो, ते खरं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच वापरत नव्हते, म्हणजे जवळपास तिघांत एक. त्यात भर घाला ती अशांची, ज्यांच्याकडे फोन आहे पण त्या क्षणी उपयोगाचा नाही. बॅटरी संपलेली, डेटा संपलेला, पडदा फुटलेला, मेमरी भरल्यामुळे नवीन ॲप बसतच नाही. घरात एकच स्मार्टफोन आणि तो कामावर गेलेल्या माणसाकडे. दुकानात पाठवलेला बारा वर्षांचा मुलगा, ज्याला वयामुळे बहुतेक योजनांत नावच नोंदवता येत नाही. नजर अधू झालेले, हात थरथरणारे. ॲपची भाषा न येणारे. आणि एक वर्ग असा, ज्यांना सगळं जमतं पण दुकानाला आपला नंबर द्यायचा नाही. या शेवटच्या लोकांना काही दुकानदार हट्टी समजतात. मला तो त्यांचा हक्क वाटतो. भारतात २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं होतं की बिल करताना मोबाइल नंबरची सक्ती करू नका, ती अनुचित व्यापार प्रथा ठरते.

मार्गांकडे येतो. चार आहेत, आणि ते सारख्या किमतीचे नाहीत, म्हणून सारखी जागाही देत नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे काउंटरवरचा सामाईक कोड. दुकानाच्याच नावाने एक सभासद क्रमांक काढायचा, त्याचा बारकोड छापून लॅमिनेट करून प्रत्येक काउंटरवर चिकटवायचा. ज्या ग्राहकाकडे ॲप नाही, कार्ड नाही, त्याच्या बिलाला कॅशियरने तो कोड लावायचा. फळीवरच्या सगळ्या ऑफर आपोआप लागतात. खर्च म्हणाल तर लॅमिनेशनचा. वेळ म्हणाल तर एक 'बीप'. अनेक दुकानांतले चांगले कॅशियर हे गुपचूप करतच असतात. रांगेत कोणाकडे कार्ड नसलं की खिशातलं स्वतःचं कार्ड मारतात. तुम्हाला फक्त ते उघडपणे आणि नियमात आणायचंय.

नियमात आणायचं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा हात पोळतो. पहिलं, सामाईक कोडावर पॉइंट जमा होता कामा नयेत. झाले, तर महिन्याभरात त्या कोडावर पॉइंटचा डोंगर उभा राहतो आणि तो कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाच्या बिलात वळता होतो. कोड फक्त किमतीपुरता. दुसरं, 'एका ग्राहकाला दोनच नग' अशी अट ॲपवर क्रमांकाने पाळली जाते, इथे ती बिलाला लावायची: एका बिलात दोन नग. कोणी दोन बिलं करून चार नेले तर नेऊ द्या. ॲपवर घरातल्या चौघांच्या नावाने चार खाती उघडणारे असतातच, तिथे तुम्ही काय करता? तिसरं, रोजच्या अहवालात प्रत्येक कॅशियरच्या एकूण बिलांपैकी किती बिलांना सामाईक कोड लागला ते बघा. एकाचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं दिसलं तर विचारा. पण ओरडू नका. बऱ्याचदा कारण साधं असतं, तो काउंटर दाराजवळचा असतो आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच येतात. चौथं, कोड लावायला सुपरवायझरची परवानगी लागते असं करू नका. परवानगीची वाट बघत ग्राहकाला उभं केलं की त्याला भीक मागितल्यासारखं वाटतं, आणि मागची रांग त्याच्याकडे बघते.

कॅशियरने काय बोलायचं, हेही ठरवून द्या. 'ॲप आहे का?' हा प्रश्न काढून टाका. ज्याच्याकडे नाही त्याला तो प्रश्न 'तुमच्यात कमी आहे' असा ऐकू येतो. त्याऐवजी 'आजच्या ऑफर लावते' असं म्हणून कोड मारायचा आणि मग विचारायचं, 'पॉइंट कशावर घ्यायचेत, ॲप, कार्ड, की नकोत?' हा फरक दिसायला छोटा आहे. पण एका दुकानात फक्त हे वाक्य बदललं आणि काउंटरवरचे वाद इतके कमी झाले की मालकांना वाटलं ऑफरच बंद केली की काय.

दुसरा मार्ग प्लास्टिकचं किंवा जाड कागदाचं कार्ड. ज्यांना पॉइंटही हवेत त्यांच्यासाठी. फॉर्म कागदावर, पाच ओळींच्या आत, आणि नाव-नंबर ऐच्छिक. काहीच न लिहिता कार्ड घेता आलं पाहिजे. कार्ड हरवलं तर त्यावरचे पॉइंट गेले, एवढं मात्र देतानाच स्पष्ट सांगा. लोकांना ते मान्य असतं. कार्ड अंगठ्याएवढं, किल्लीच्या जुडग्यात अडकवता येणारं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण घरातलं कोणीही दुकानात आलं तरी किल्ल्या बरोबर असतात.

तिसरा मार्ग कागदी कुपन. ही जुनी वाट आहे. कोका-कोलाची फुकट पेल्याची कुपनं १८८० च्या दशकाच्या अखेरीची. अमेरिकेत सॅन डिएगो शहराने २०२५ मध्ये अध्यादेश करून किराणा दुकानांवर हेच बंधन घातलं: डिजिटल सवलत देत असाल तर तिचं कागदी कुपन दुकानात उपलब्ध ठेवा. हेतू चांगला आहे. तरी मी कुपनाला तिसऱ्या क्रमांकावर का ठेवतो? कारण त्यात पुन्हा ग्राहकालाच काम करावं लागतं: शोधा, फाडा, सांभाळा, काउंटरवर आठवणीने द्या. शिवाय गर्दीच्या दिवशी गठ्ठा दुपारीच संपतो आणि नवीन ठेवायला कोणाला सवड नसते. कुपन ठेवायचंच तर त्या मालाच्या शेजारीच ठेवा, दारावरच्या टेबलावर नको. आणि गठ्ठा संपला तर सामाईक कोड लागेल, असं कॅशियरला सांगून ठेवा.

चौथा, यंत्र. दुकानात उभारलेला पडदा, ज्यावर कार्ड दाखवलं की त्या आठवड्याच्या ऑफर कार्डावर चढतात. अमेरिकेतल्या स्टॉप ॲण्ड शॉप या साखळीने २०२४ पासून अशी यंत्रं आणली. मोठ्या साखळीला ती परवडतात. सहा शाखांना मी सुचवणार नाही. यंत्र बंद पडतं, पडदा उभ्या माणसाच्या उंचीला असतो, अक्षरं बारीक, आणि ज्याला फोनचा पडदा जमत नाही त्याला भिंतीवरचा मोठा पडदा जमेल असं का धरून चालायचं? शेजारी मदतीला माणूस उभा करणार असाल तर ठीक. पण माणूसच ठेवायचा तर यंत्र कशाला!

स्वतः बिल करायची यंत्रं तुमच्याकडे असतील तर तिथे सामाईक कोड यंत्राच्या बाजूलाच मोठा छापून लावा. पडद्यावर 'ऑफर लावा' असं एक बटण देता आलं तर आणखी उत्तम.

आता मालकांचा खरा प्रश्न, पैशाचा. त्यात तीन वेगळे पैसे मिसळलेले आहेत. एक, उत्पादक कंपनी जी सवलत देते ती. तिथे तुम्ही कंपनीकडे क्लेम लावता तो बहुधा ऑफरच्या किमतीत किती नग विकले यावर, कोणी घेतले यावर नाही. करार काढून वाचा. क्लेमसाठी सभासद क्रमांक हवा अशी अट नसेल, तर सामाईक कोडावर गेलेला नगही क्लेममध्ये बसतो, तुमच्या खिशातून काही जात नाही. उलट जास्त नग विकले म्हणून पुढच्या बोलणीत तुमचीच बाजू वरचढ होते. अट असेल तर कंपनीच्या माणसाशी बोला. त्यालाही माल खपायलाच हवा असतो.

दोन, तुमच्या मार्जिनमधून दिलेली सवलत. इथे खर्च वाढेल, हे खरं आहे, ते लपवू नका. पण मोजून सांगा. समजा ऑफरच्या मालाचे हजार नग गेले, सहाशे ॲपवर सवलतीत आणि चारशे पूर्ण किमतीत. मालकांना वाटतं, आता चारशेवरची सवलत बुडणार. त्यातले किती फळीवरची मोठी अक्षरं बघून घेतलेले आणि बिलाकडे न बघता भरलेले, हा प्रश्न आहे. ते पैसे तुमचे नव्हतेच. ज्या दिवशी ग्राहक घरी जाऊन बिल वाचतो त्या दिवशी ते परत जातात, ग्राहकासकट. आणि जे माल ठेवून गेले ते हजारात मोजलेच गेले नाहीत. सवलत थोडी कमी करून सगळ्यांना दिली तरी चालते. वीस टक्के निम्म्यांना देण्यापेक्षा पंधरा टक्के सगळ्यांना, हा सौदा मी अनेकदा सुचवलाय. प्रत्येक वेळी स्वीकारला गेला असं नाही.

तीन, माहितीची किंमत. ॲपवाल्याची माहिती तुम्हाला मिळते, तिचा मोबदला म्हणून त्याला जास्त द्यायला हरकत नाही. पण मग मोबदला तेवढाच असावा. कॅलिफोर्नियाचा ग्राहक-गोपनीयता कायदा साधारण हीच कसोटी लावतो: वैयक्तिक माहितीच्या बदल्यात किमतीत फरक करायचा असेल तर तो फरक त्या माहितीच्या मूल्याशी सुसंगत असला पाहिजे. एका माणसाच्या खरेदीच्या यादीचं मूल्य त्याच्या आठवड्याच्या बिलाच्या पंचमांश आहे असं कोणी मला अजून दाखवून दिलेलं नाही.

मग ॲप कोण घेणार? जे आज वापरतात तेच, आणि आणखी थोडे. ॲपसाठी वेगळी कारणं ठेवा. पॉइंट, नेहमीची यादी, घरपोच मागणी, जुनी बिलं शोधता येणं, त्या ग्राहकाच्या सवयीवरून पाठवलेली खास सवलत. ही शेवटची कागदावर देताच येत नाही, आणि तीच ॲपची खरी ताकद आहे. फळीवरची किंमत ओलीस ठेवून वाढवलेली डाउनलोडची संख्या फसवी असते. ॲप उतरवलं, एकदा वापरलं आणि आठवड्यात काढून टाकलं. तुमच्या ॲपवर गेल्या तीस दिवसांत किती खाती खरोखर चालली ते बघा आणि तो आकडा एकूण डाउनलोडशेजारी मांडा.

इथे एक पळवाट बंद करायला हवी. माझ्या नियमातून सुटायचं म्हणून काही दुकानं फळीवरच्या ऑफरच कमी करतात आणि सगळ्या चांगल्या सवलती 'खास तुमच्यासाठी' म्हणून फोनवर ढकलतात. शब्दाने नियम पाळला, अर्थाने मोडला. हजारो लोकांना एकसारखी गेलेली सवलत वैयक्तिक नसते. ती सार्वजनिक ऑफरच, फक्त फळीवरून खाली उतरवलेली. रोजच्या गरजेच्या मालावरच्या सवलती फळीवरच राहतील, एवढं लिहून ठेवा.

दोन किमतींचं आणखी एक दुखणं आहे. सभासद-किंमत आकर्षक दिसावी म्हणून मूळ किंमत वर चढवली जाते, असा संशय लोकांना असतो. नव्वदची वस्तू शंभर करायची आणि सभासदाला अठ्ठ्याऐंशीला द्यायची. म्हणजे सभासदाला दोनाचा फायदा आणि बिगरसभासदाला दहाचा दंड. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०२४ मध्ये तिथल्या सुपरमार्केटच्या सभासद-किमती तपासल्या. सुमारे ५० हजार उत्पादनं पाहिली आणि ९२ टक्के ठिकाणी सवलत नेहमीच्या किमतीच्या तुलनेत खरी निघाली. म्हणजे संशय बहुतांशी चुकीचा होता. पण त्याच अहवालात प्राधिकरणाने असंही सांगितलं की स्मार्टफोन नसलेल्यांना आणि अठरा वर्षांखालच्यांना या किमती मिळाव्यात म्हणून काही सुपरमार्केटनी आणखी प्रयत्न करायला हवेत. तुम्ही तपासणीची वाट बघू नका. ऑफर सुरू व्हायच्या आधी तो माल किती दिवस कोणत्या किमतीला विकला जात होता, याची नोंद ऑफरच्या फाइलमध्येच जोडा. विचारणारा आला तर कागद पुढे करता येतो.

कायद्याचं फार बोलत नाही, तो जागोजागी वेगळा आहे. दिशा मात्र दिसते. रोख पैसे नाकारायचे नाहीत, असा दुकानांसाठीचा कायदा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पासून आहे. फिलाडेल्फियाने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये तसेच नियम केले. कारण तेच, हातात विशिष्ट साधन नाही म्हणून माणूस व्यवहारातून बाहेर पडू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. तो खटला ग्राहक-ओळख पडताळणीचा होता, दुकानांचा नव्हे, त्यामुळे तो दाखवून दुकानदाराकडे सवलत मागता येणार नाही. पण वारं कुठून वाहतंय ते कळतं.

ऑफर कळणं हाही सवलतीचाच भाग आहे, आणि तो बहुधा राहून जातो. दर आठवड्याला एका पानाचं पत्रक, दोन्ही बाजूंनी छापलेलं, चश्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत, दारात. तेच पत्रक सूचनाफलकावर. 'पुढचे दोन तास' असल्या ऑफर फक्त फोनवर सोडत असाल तर त्या वेळी दुकानात घोषणाही करा. साधा फोन असलेल्याला फोन करून 'आज काय आहे?' असं विचारता यावं म्हणून दुकानाचा एक नंबर पत्रकावर द्या, आणि तो उचलायला कोणीतरी ठेवा. बिल कागदावर मिळालंच पाहिजे. ई-बिलाच्या नादात कागदी बिल बंद केलेल्या दुकानात फोन नसलेला माणूस माल बदलून घ्यायला आला की त्याच्याकडे पुरावाच नसतो. हे सवलतीच्या विषयाबाहेरचं वाटेल, पण सवलत लागली की नाही हे तपासायचं एकमेव साधनही तेच बिल आहे. बिलावर ऑफरची ओळ वेगळी छापा: मूळ किंमत, सवलत, लागलेली किंमत.

टॅगवर काय लिहायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच. एकच किंमत, मोठी. खाली एक ओळ: 'ॲप किंवा कार्ड नसेल तरी काउंटरवर हीच किंमत लागेल.' ही ओळ बारीक करायची नाही. ती न वाचणारा ग्राहक माल उचलतच नाही, कारण आजवरच्या अनुभवाने त्याला माहीत असतं की असल्या किमती आपल्यासाठी नसतात.

तुमच्या हातात मालकांचा होकार नसताना काय करता येईल? बिलिंगवाल्याकडून एक अहवाल मागवा. ऑफर चालू असलेल्या दिवसांत ऑफरच्या मालाचे किती नग पूर्ण किमतीला गेले, शाखेनुसार आणि तासानुसार. मी त्याला 'हुकलेल्या सवलतींचा अहवाल' म्हणतो. बहुतेक मालकांनी हा आकडा कधी पाहिलेलाच नसतो, कारण सगळे अहवाल लागलेल्या सवलतींचे निघतात. सकाळी दहा ते बाराच्या रकान्यात आकडा फुगलेला दिसला तर निवृत्त मंडळी त्या वेळी येतात का ते बघा. एखाद्या शाखेत दिवसभर फुगलेला असेल तर आधी तिथली फोनची रेंज तपासा. मग एका शाखेत, चार आठवडे, सामाईक कोड लावून बघू द्या, एवढंच मालकांकडे मागा. चार आठवड्यांनी ऑफरच्या मालाची एकूण विक्री, काउंटरवर परत ठेवलेला माल आणि तक्रारवही, या तीन गोष्टी शेजारच्या शाखेशी ताडून त्यांच्या पुढ्यात ठेवा. काउंटरवर परत ठेवलेला माल आज कोणी मोजत नसेल. त्यासाठी प्रत्येक काउंटरखाली एक टोपली ठेवा आणि रात्री बंद करताना त्यातले ऑफरचे नग मोजून लिहा. ती टोपली उद्यापासूनच ठेवा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.